नावासाठी सोडलेली जागा

जुन्नरच्या एका शाळेत मला कविता वाचायला बोलावलं होतं. वाचून झाल्यावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुमाला विषय कुठनं सुचतात?" सगळे देतात तेच उत्तर मी दिलं. डोळे उघडे ठेवायचे, कान उघडे ठेवायचे, विषय आपोआप येतात. टाळ्या पडल्या. परतीच्या एसटीत मला माझाच राग आला. आमचे हे गेल्यापासून मी डोळे-कान उघडे ठेवूनच बसले आहे, आणि स्वतःची म्हणावी अशी एक ओळ आलेली नाही.

खरं सांगायचं तर माझे विषय हेच आणायचे. कवितेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचा टेम्पो होता. ओझरच्या अलीकडच्या आमच्या वाडीतला कांदा ते मंचरच्या बाजारात न्यायचे, आणि मी काहीतरी निमित्त काढून शेजारी बसायचे. कळंबचा पूल येईपर्यंत त्यांना दोन-तीन विषय तरी दिसलेले असायचे. "त्या धनगरणीकडं बघ. कोकरू कडंवर अन् पोरगं चालतंय. लिव त्याच्यावर." मी बिबट्यावर कविता केली तेव्हा मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं. "त्याच्यावर पेपरवाले लिवत्यातच की. बिबट्या आला की कोंबड्या कशा गप व्हत्यात, त्याच्यावर लिव." आणि काहीच सुचत नाही म्हणून मी हातावर हात ठेवून बसले, की ठरलेलं वाक्य यायचं, "मग कांद्यावर लिव. लोकं आपोआप रडत्याल."

माझी पहिली कविताही त्यांच्यावरच होती. कविता म्हणजे उखाणा. लग्न होऊन सासरच्या दारात उभी राहिले, तर नणंदांनी दार अडवलं. नाव घे, मगच आत. आमच्यात तेव्हा बायका एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत. अहो, हे, पोरांचे पप्पा, असंच सगळं भागायचं. नाव यायचं ते उखाण्यात, तेही कुणी आग्रह केल्यावर. चांदीच्या ताटाचे आणि जाईजुईचे उखाणे मला पाठ होते, पण ते म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "ओझरच्या देवळात दीपमाळ उजळते रात्री," आणि पुढं त्यांचं नाव घेऊन, "यांच्या टेम्पोची मला पक्की खात्री." हसून हसून बायका भिंतीला टेकल्या. तरी थोरली नणंद हात खाली घेईना. "ऐकू नाय आलं," म्हणाली. मला पुन्हा म्हणावं लागलं. मागं उभे असलेले हे कानापर्यंत लाल झाले होते.

तेव्हापासून वाडीत कुणाचं लग्न ठरलं की नवरी माझ्याकडं येते. मी तिला खोदून खोदून विचारते. मुलगा काय करतो, चहा बशीत ओततो का, बघायला आला तेव्हा काय सांडलं. तेवढ्यातून दोन ओळी जमतात. दुसऱ्या ओळीत नावासाठी जागा सोडायची आणि कागद तिच्या हातात द्यायचा. हे काम अजून चालू आहे. सुताराच्या घरात पाट नाही, तसला प्रकार.

कारण हे गेले, आणि त्यांचं नाव घ्यायचं निमित्तच गेलं. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला गेलो, तिथंही नाव मुलानंच सांगितलं. मी शेजारी पदर सावरत उभी. घरी एकटीनं घेऊन पाहावं म्हटलं, तर आपलं आपण पुटपुटलेलं ते कसलं नाव घेणं? कुणीतरी मागं लागावं लागतं. मला ते नाव घ्यायचं होतं, दुसरं काही नको होतं. भर दुपारी कांदे निवडताना एकदम त्याची भूक लागायची.

या उन्हाळ्यात पुतण्याचं लग्न झालं. नवरीचा उखाणा अर्थात माझाच. तिनं तो दारात झकास म्हटला. मग बायकांना चेव आला आणि ओटीवर गोल करून एकेकीला नाव घ्यायला लावू लागल्या. गोल फिरत फिरत माझ्याजवळ आला. मी नकळत घसा साफ केला. तेवढ्यात माझ्या पलीकडची जाऊ घाईघाईनं म्हणाली, "आता माझी पाळी," आणि सुरू झाली. तिनं मला जपण्यासाठीच ते केलं, हे मला कळत होतं. तरी मला इतकं वाईट वाटलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले आणि तशीच घरची वाट धरली.

माझी सून त्याच गोलात बसली होती. मी पायी निघाले, आणि ती स्कूटीवरून मला मागं टाकून पुढं गेली. घरी पोचले तर ही बया दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभी.

"आई, नाव घ्या. त्याबिगर आत सोडायची न्हाई."

"काय येडेपणा लावलाय? सरक."

"न्हाई."

मी चप्पल काढून उंबऱ्याबाहेर उभी राहिले. उन्हं उतरली होती, पायाखालची फरशी अजून तापलेली होती. आख्ख्या वाडीला उखाणे पुरवणारी मी, आणि मला काही म्हणजे काही सुचेना. दीपमाळ आठवली, पण ती जुनी झाली होती. कळंबच्या पुलापासून सुरुवात करून पाहिली, यमक जुळेना. सून वाट बघत होती. शेवटी मी ओळींचा नाद सोडला आणि नुसतं नाव घेतलं. मागं काही नाही, पुढं काही नाही. डोळे भरून आले.

ती हात खाली घेईना. तिचेही डोळे ओले झाले होते.

"ऐकू नाय आलं," ती म्हणाली.

मी पुन्हा घेतलं. या वेळी मोठ्यानं.