अकरावं पान

अड्याळच्या बाजारात एक जण रद्दी विकत घेतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बाबा गेल्यावर दुःखातून सावरायचं एक पुस्तक आणलं होतं, तेही रद्दीसोबत त्याच्या काट्यावर ठेवलं. त्यानं पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“भाऊ, पहिली दहाच पानं मळली हायेत.”

“वाचता येते तुले?” मी जरा तोऱ्यातच विचारलं.

“नाही जी. पण मळ दिसते ना. माह्या घरी बी असंच एक हाय. पोरगी गेली तवा बायकोनं आणलं. दहा पानं वाचते, रडते, अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.”

मी पुस्तक काट्यावरून उचललं. माझ्या घरी त्या पुस्तकाचं अकरावं पान अजून पांढरंच आहे.