सूक्ष्मदर्शक आमच्या घरी होता ते वर्ष

नागपूरहून आलेल्या शाळा-तपासनिसांनी देऊळगाव राजाच्या शाळेच्या वहीत शेरा लिहिला, की इथे विज्ञान शिकवले जाते पण दाखवले जात नाही. हेडमास्तरांनी तो शेरा मनाला लावून घेतला. दीड वर्षाच्या पत्रव्यवहारानंतर शाळेत एक पितळी सूक्ष्मदर्शक आला. तो ठेवायला कपाट एकच होतं आणि त्यात उंदीर होते. म्हणून विज्ञानाचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, त्याची लाकडी पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी घेऊन आले. लग्नानंतर माझी ट्रंक त्यांनी हमालाकडून आणवली होती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माहेर रोहिणखेडचं, शिक्षण चौथीपर्यंत, बोली वऱ्हाडी. यजमान नागपूरला कॉलेजात शिकलेले. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी माझं 'मले-तुले' सुधारायचा प्रयत्न केला, दुसऱ्या वर्षी सोडून दिला.

खिडकीपाशी टेबल ओढून त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला, खालचा आरसा फिरवून ऊन धरलं आणि काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवला. बराच वेळ पाहून झाल्यावर मला म्हणाले, "ये, बघ."

मी डोळा लावला. "मले तं काळे काळे केस दिसून राह्यले."

"त्या तुझ्या पापण्या आहेत. डोळा जरा वर घे."

मग दिसलं. चपलेच्या तळव्यासारखं काहीतरी पारदर्शक होतं आणि ते आपल्या मर्जीनं चाललं होतं. वाटेत कचरा आला तर थांबत होतं, मागे सरत होतं, बाजूनं जात होतं. घाईत असलेल्या माणसासारखंच सगळं.

"हे कुठलं पाणी?" मी विचारलं.

"आपल्या रांजणातलं."

"मी आत्ताच एक गडवा पेली."

"मी दोन," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या घरी पाणी उकळून, गाळून पिणं सुरू झालं. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरातली बहुतेक प्रत्येक वस्तू त्या भिंगाखाली घातली. नखातला मळ, भिजत घातलेल्या डाळीचं पाणी, स्वतःच्या दातांवरचं किटण. ते किटण पाहिल्यावर ते उठून चूळ भरून आले आणि पुन्हा पाहायला बसले. शेवटी दह्याची पाळी आली. काचेवर दह्याचा पातळ थर वाळवून त्यांनी त्यावर निळा रंग टाकला, धुतला आणि पाहिलं. बारीक काड्या होत्या आणि माळेतले मणी तुटून पडावेत तसे ठिपके. किती ते मोजायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"दुधाचं दही हे करतात," ते म्हणाले.

"म्हंजे दही जितं हाय?"

"हो."

"अन् आपण ते खातो."

त्या दुपारी त्यांनी ताक घेतलं नाही. पुस्तकात नीट वाचून सांगेपर्यंत घरात दही नको, असं ठरलं. पुस्तक इंग्रजी होतं आणि जाड होतं. आठ दिवस वाचन चाललं. नवव्या दिवशी त्यांनी सांगितलं, की सगळे जंतू वाईट नसतात. काही रोग आणतात, पुष्कळ नुसते असतात, आणि काही तर आपलं काम करतात. दह्यातले कामाचे आहेत. दही लावायला हरकत नाही.

"कशानं लावू?" मी विचारलं. जुनं दही आंबून गेलं म्हणून मी कधीच टाकून दिलं होतं. घरात विरजणाचा थेंब नव्हता. पुस्तकात यावर काही नव्हतं.

आमच्या परसाची मागची भिंत छातीइतकी उंच. तिच्यापलीकडे नान-कुलच्यांची भट्टी होती आणि ती चालवणाऱ्या मुसलमान कुटुंबाचं घर. त्या घरची बाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. गल्लीत सगळे तिला आपा म्हणत, मीही म्हणे. ती मला मास्तरीणबाई म्हणे. दिवसातून दोनदा तरी आम्ही भिंतीवर कोपरं टेकून बोलत असू, पण भिंतीवरून कधी वाटी गेली नव्हती की आली नव्हती. तसा रिवाजच नव्हता.

त्या दिवशी मी विरजणाचं बोलले आणि आपा आत गेली. वाटीत चमचाभर दही घेऊन आली. वाटी भिंतीवर ठेवून तिनं हात मागे घेतला.

"घ्याचं तं घ्या, मास्तरीणबाई. नाई घेतलं तरी मले राग नाई," ती म्हणाली.

मी जरा वेळ उभी राहिले. माहेरी हे चाललं नसतं. मग वाटी उचलली, घरात गेले आणि कोमट दुधात ते विरजण घातलं. सकाळी सुरीनं कापावं असं दही लागलं होतं.

यजमान जेवताना म्हणाले, "चांगलं लागलंय. विरजण कुठून आणलं?"

"भिंतीपलीकडून."

ते जेवता जेवता थांबले. हात धुऊन उठले आणि टेबलापाशी गेले. आमच्या जुन्या दह्याची निळी काच त्यांनी पेटीत जपून ठेवली होती. नव्या दह्याची एक काच तयार केली. दोन्ही काचा आलटून पालटून पाहिल्या. मी तोवर पानावर माश्या वारत बसले.

"काही फरक नाही," ते म्हणाले. परत येऊन बसले आणि आणखी भात मागितला.

मी ही गोष्ट माहेरी कधी सांगितली नाही.

आपाला मात्र सगळं सांगितलं. तिला फार हसू आलं. मग तीच एका वाटीत खमीर घेऊन आली, कुलच्याचं पीठ फुगवायला ठेवतात ते. आमच्या परसातल्या ओट्यावर यजमानांनी सूक्ष्मदर्शक मांडला. आपानं पाहिलं. खमिरातले जीव दह्यातल्यांपेक्षा पुष्कळ मोठे, गोल, आणि कुणाकुणाच्या अंगाला लहानसं पिल्लू फुटलेलं.

"हेच पीठ फुगवतात?" तिनं विचारलं.

"हो. साखर खातात आणि वायू सोडतात. त्या वायूनं पीठ फुगतं."

आपा पुन्हा वाकून पाहत राहिली. "आमच्या घरात मी अन् माह्यं माणूस, दोघंच राबतो असं समजत होती मी," ती म्हणाली.

उन्हाळा आला, विहिरी खाली गेल्या आणि गावात पटकी सुरू झाली. आधी बाजाराकडे, मग आमच्या गल्लीत. आरोग्य खात्याचा माणूस येऊन गल्लीच्या विहिरीत लाल औषध टाकून गेला. आज पाणी काढू नका, उद्या रंग उतरला की काढा आणि उकळून प्या, असं त्यानं दोनदा ओरडून सांगितलं. बायकांनी विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी रक्तासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी रंग उतरला तरी कुणी दोर सोडेना. सगळ्या घागरी घेऊन नदीकडे निघाल्या. नदी कोरडी होती, पात्रात झरे उकरून तिथलं पाणी भरायला लागल्या. त्याच पात्रात कपडे धुतले जात, आजाऱ्यांचेही.

यजमान म्हणाले, "यांना दाखवलं पाहिजे." त्यांनी झऱ्याचं पाणी आणवलं, सूक्ष्मदर्शक बाहेरच्या ओट्यावर मांडला आणि गल्लीतल्या बायकांना बोलावलं. दहा-बाराजणी आल्या. पहिलीला तिच्या पापण्या दिसल्या. दुसरीला काहीच दिसलं नाही, पण तिनं तसं सांगितलं नाही. तिसरीला वळवळणारं दिसलं आणि ती "अगं माय!" म्हणून मागे सरली. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "याच्यातला पटकीचा कोणता हो मास्तर?"

यजमानांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "तो यात ओळखता येणार नाही. त्याला मोठी प्रयोगशाळा लागते. या पाण्यात तो असेल किंवा नसेलही."

"म्हंजे तुमालेच ठाऊक नाई," म्हातारी म्हणाली. तिनं घागर उचलली. तिच्यामागून बाकीच्याही नदीकडे गेल्या.

आपा आणि मी तेवढ्या विहिरीवर राहिलो. दोर मी सोडला, घागर तिनं धरली. एकमेकींकडे पाहायला दोघींना भीती वाटत होती. त्या आठवड्यात गल्लीत दोन माणसं गेली. एका घरातली सून, तीन महिन्यांची गरोदर. आणि तिच्या शेजारचा म्हातारा.

शाळा बंद ठेवावी की कसं, हे ठरवायला हेडमास्तरांनी एका दुपारी सगळ्या मास्तरांना घरी बोलावलं. ऊन रणरणत होतं. बैठकीत पटकीपासून जपण्याच्या सूचना लिहून काढल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक माझ्या यजमानांनी सांगितल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या.

सकाळ होईपर्यंत त्यांचे डोळे खोल गेले होते आणि पोटऱ्यांत गोळे येत होते. मी परसात जाऊन भिंतीवरून हाक मारली. आपा भिंतीपाशी आली, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता वळली. तिचा नवरा दवाखान्याकडे धावत गेला. ती स्वतः फिरून समोरच्या दारानं आमच्या घरात आली. उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आली. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चूल पेटवली.

"तांदूळ कुठी हायत?" तिनं विचारलं. मी डबा दाखवला.

डॉक्टर आले. त्यांनी शिरेतून मिठाचं पाणी भरलं, ते तासन्‌तास चाललं. "तोंडानंही देत राहा. उकळलेलं पाणी, मिठाची पेज. उलटी झाली तरी पुन्हा द्या," असं सांगून ते पुढच्या घरी गेले. दारात जमलेल्या बायका म्हणाल्या, पाणी देऊ नका, पाण्यानं जुलाब वाढतात. मला काही सुचेना.

"डाक्टरनं द्या म्हटलं, तं द्या," आपा म्हणाली. तिनं माझ्या हातातला चमचा घेतला आणि पेज पाजायला लागली.

दोन दिवस आम्ही आळीपाळीनं बसलो. कपडे अंगणात उकळत्या पाण्यात टाकायचे, हात राख लावून धुवायचे, पुन्हा पेज. दुसऱ्या दिवशी दुपारी यजमानांनी ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"पन्हं," ते म्हणाले.

"पन्हं पाह्यजे?"

"नाही. हेडमास्तरांकडे प्यालो. पाणी कच्चं होतं."

"ठाऊक होतं, मंग पेलं काऊन?"

त्यांनी डोळे मिटले. "हेडमास्तरांनी हातात दिलं," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्हीला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी, आजारी पडल्यापासून पहिल्यांदा, त्यांना लघवी झाली. डॉक्टरांना मी ते चाचरत सांगितलं, तर त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आता वाचले."

पन्ह्याची हकीकत आपानं गल्लीत सांगितली. ती सगळ्यांना लगेच पटली. मास्तर घरी उकळलेलं पाणी पितो तेव्हा धडधाकट असतो, एका घरी कच्चं पितो आणि मरता मरता वाचतो. ह्यात भिंगातून पाहण्यासारखं काही नव्हतं. आठवडाभरात विहिरीवर पुन्हा दोर सुटले आणि घरोघर पाण्याची पातेली चुलीवर चढली. हेडमास्तर मात्र वर्षभर आमच्याशी कामापुरतं बोलले.

पुढे शाळेत लोखंडी कपाट आलं आणि सूक्ष्मदर्शक परत गेला. टेबल मी पुन्हा भिंतीला लावलं. संध्याकाळी यजमान त्या जाड पुस्तकातलं पान पान मला मराठीत सांगत आणि मी वहीत उतरून घेई. ती वही डॉक्टरांनी एकदा पाहिली आणि विचारलं, की गावातल्या सुइणींना हात धुवायचं महत्त्व कोणी बाईनं सांगितलं तर बरं होईल, जमेल का? यजमान म्हणाले, तिला विचारा. मी हो म्हटलं.

पहिली सुईण साठीची होती. तिच्या हातून निम्मं गाव जन्मलं होतं. एका बाळंतिणीच्या दारात मी तिच्यापुढे साबण आणि गरम पाणी ठेवलं. तिनं दोन्ही हात उलटेसुलटे करून मला दाखवले.

"कुठी हाय मळ?"

"मळ नाई, जंतू हायत. ते दिसत नाईत."

"तुले दिसतात?"

"मलेबी नाई दिसत."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. आतून बाळंतीण ओरडली. सुइणीनं बांगड्या वर सारल्या आणि मनगटापर्यंत हात धुतले. मी कोपरापर्यंत म्हटलं. तिनं एक शिवी दिली आणि कोपरापर्यंत धुतले. तासाभरानं मुलगी झाली.