सदतीस नंबरच्या बाईचा डबा

देवमन तायडेनं आपल्या कारखान्यातली पहिली गोळी स्वतःच खाल्ली.

कारखाना म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून जवळच, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. एका खोलीत भट्टी आणि कल्हई केलेली भांडी, दुसरीत हातानं फिरवायचं गोळ्यांचं मशीन. मेळघाटातून परतवाड्यामार्गे कुड्याच्या सालीची पोती यायची. साल कुटायची, चुन्याच्या निवळीत भिजवायची, तिच्यातला कडू अर्क काढून वाळवायचा आणि त्याच्या पिवळसर गोळ्या पाडायच्या. कुडा आवेवर चालतो हे जंगलातल्या कोरकू आदिवासींपासून गावच्या वैद्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात नवं काही नाही, हे देवमनही मानायचा. त्याचं म्हणणं एवढंच होतं की प्रत्येक झाडाची साल वेगळी आणि प्रत्येक चुलीवरचा काढा वेगळा. गोळीत मात्र औषध दर वेळी तेवढंच असलं पाहिजे.

तो मूळचा बाळापूरचा. बाप जिनात कापसाच्या गाठी उचलायचा. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, त्याच्या आदल्या वर्षी देवमन बी.एस्सी. झाला होता. वस्तीतला तो पहिला. पुढं सरकीच्या तेलाच्या गिरणीत केमिस्ट म्हणून लागला आणि पाच वर्षं तेलाचा रंग आणि आंबटपणा मोजत राहिला. पण दर पावसाळ्यात घरी कोणी ना कोणी आवेनं झिजताना तो लहानपणापासून पाहत आला होता. पोटात मुरडा आला की त्याची माय चुलीजवळ वाकून बसायची, ती तशीच त्याच्या डोळ्यांपुढं राहिली होती. एकसष्ट साली त्यानं गिरणी सोडली.

भागीदार मिळाला तो पंजाबराव गावंडे. बाळापूरकडचाच, काळ्या मातीतला शेतकरी, देवमनपेक्षा दहा वर्षांनी मोठा. शाळेत देवमन त्याच्या धाकट्या भावाला गणितं शिकवायचा, तेवढी ओळख. पंजाबरावला रसायनातलं काही कळत नसे, माणसातलं कळे. गोळी तयार झाल्यावर देवमननं सात दिवस पूर्ण मात्रा घेतली आणि पंजाबरावनंही हट्टानं घेतली. दोघांचीही झोप उडाली. डोकं हलकं हलकं, अंग थकलेलं, पण डोळा लागेना. देवमननं ते तारीखवार वहीत लिहून ठेवलं. पंजाबराव मात्र शेतावरून आला तो हसतच.

"देवमन, जागलीले चांगली गोळी काढली लेका तुवा. आता वावरात रखवालदार ठेवाची गरज नाई."

हसण्यावारी नेलं तरी देवमनला माहीत होतं की खरी परीक्षा पुढंच आहे. मुंबईच्या एका औषध विकणाऱ्या कंपनीनं त्याची गोळी साऱ्या राज्यात नेण्याची तयारी दाखवली होती. अट एकच, शंभर रोग्यांवरचा अहवाल, डॉक्टरच्या सहीनं, दिवाळीच्या आत. परवान्यासाठी सरकारी खात्यालाही तोच अहवाल लागणार होता. अहवाल मिळाला तर कारखाना उभा राहणार होता, नाही तर देवमनला पुन्हा गिरणीच्या दारात जाऊन तेल मोजायचं काम मागावं लागणार होतं.

पण शंभर रोगी आणायचे कुठून? तो काही डॉक्टर नव्हता. दवाखानेवाले त्याला दारातूनच परत पाठवत. शेवटी अमरावतीच्या डॉ. किसनराव बोबड्यांनी हे काम अंगावर घेतलं. अचलपूरच्या पलीकडं दोन-तीन बाजारगावांत त्यांचे छोटे दवाखाने होते. डॉक्टर बोलायला गोड आणि कामात बुडालेले. देवमननं छापून आणलेले फॉर्म त्यांनी पुरते वाचलेही नाहीत. रोगी तुम्ही स्वतः पाहणार ना, असं त्यानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, माझीच माणसं आहेत, काळजी नको. देवमनला हे उत्तर पुरेसं वाटलं. गोळीतला अर्क तो तीन-तीनदा तोलून पाहायचा, या उत्तराला मात्र त्यानं तराजू लावला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी अहवाल आला. जाड पुठ्ठ्यात बांधलेला, खाली डॉक्टरांची सही. शंभरपैकी ब्याण्णव बरे. पंजाबरावनं बर्फीचा पुडा आणला. देवमनच्या बायकोनं, केशरबाईनं, बाटल्यांना लावायच्या चिठ्ठ्या कापायला घेतल्या. देवमन पडवीत बसून एकेक फॉर्म वाचत होता. पंधरा वाचले, तीस वाचले, सगळे वाचले. मग त्यानं बर्फीचा तुकडा तसाच खाली ठेवला.

फॉर्मावर "औषधानं झालेला त्रास" असा एक रकाना होता. शंभरही ठिकाणी एकाच वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, काही नाही.

"अरे, त्रास नाई झाला तर बरंच आहे ना," पंजाबराव म्हणाला.

"पंजाबभाऊ, तुमाले झोप आली होती काय?"

पंजाबरावनं बर्फीचा पुडा पुन्हा दोऱ्यानं बांधला.

शंभरांतल्या एकाचीही झोप उडू नये, हे देवमनच्या हिशेबात बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो फॉर्मांचा पुठ्ठा घेऊन एस.टी.त बसला. अमरावतीला गाडी बदलून अचलपूर, तिथून पुढं, फॉर्मांवर गाव म्हणून लिहिलेल्या धामणखेडपर्यंत बैलगाडी. त्या दिवशी धामणखेडचा बाजार होता. दवाखाना म्हणजे कौलारू खोली, आणि आत डॉक्टर नव्हतेच. होता तो श्रावण, त्यांचा कंपाउंडर, चाळिशीचा, पांढरी टोपी घातलेला, अतिशय नम्र माणूस. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, सह्या करतात आणि जातात, असं तो सहज बोलून गेला. शंभरही फॉर्म त्यानंच भरले होते. आपल्या अक्षराची ओळख पटली याचा त्याला आनंदच झाला.

श्रावण खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. देवमननं विचारलं ते सगळं त्यानं सांगितलं. रोगी खरे होते, नावं खरी होती. दर बाजाराला ते यायचे, हा विचारायचा, बरं वाटते काय, आणि ते हाव म्हणायचे. एका गोष्टीसाठी तर त्यानं देवमनलाच बोल लावला. फॉर्मावर "खाणं नेहमीचंच ठेवावं" असं छापलं होतं. छापणाऱ्याची चूक दिसते, असं समजून त्यानं ती दुरुस्त केली होती.

"साहेब, बिनापथ्याची दवाई लोक घेतेत काय? पहिलं तेच इचारतेत, पथ्य काय म्हनून. पथ्य नाई म्हटलं तर म्हनतीन, साधं पानी देलं. मंग म्या सांगतलं, चौदा दिस ताक-भात, तिखट बंद, पानी उकळून. तवा कुठी त्यायचा इस्वास बसला."

आव झालेला माणूस चौदा दिवस ताक-भात खाईल आणि पाणी उकळून पिईल, तर त्यातले कितीतरी तसेही सावरतील. मग गोळीनं काय केलं आणि ताकानं काय केलं, हे सांगणार कोण? तरी त्यानं स्वतःला समजावलं, गोळ्या तर पोटात गेल्याच आहेत. खात्री करावी म्हणून त्यानं पुठ्ठ्यातला एक फॉर्म काढला. सदतीस नंबर, जाईबाई, वय पंचावन्न, पूर्ण बरी, त्रास काही नाही. घर जवळच होतं. श्रावण त्याला घेऊन गेला.

जाईबाई अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होती. अकोल्याहून गोळीवाला आलाय म्हटल्यावर तिनं पाण्याचा गडवा पुढं केला आणि गोळीची तोंडभर स्तुती केली. तुमची गोळी लय गुणाची, मी चांगली झाली, माझी सूनही चांगली झाली. देवमननं विचारलं, किती गोळ्या घेतल्या? ती आत गेली आणि कुंकवाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं. आत कापसाच्या बोळ्यात नीट गुंडाळून ठेवलेल्या एक्केचाळीस पिवळ्या गोळ्या होत्या. दिल्या होत्या बेचाळीस.

"खाल्ल्या नाई?"

"एक चाखली. कडूजहर. मंग पथ्यानंच पोट बरं झालं, तं बाकीच्या कायले नासवा? एवढ्या चांगल्या गोया. जपून ठेवल्या बाप्पा, कापूस येचाच्या टायमाले लागतीन. तवा एक दिस घरी बसनं परवडत नाई."

"मंग श्रावणभाऊले बरं वाटते म्हणून सांगतलं?"

"मंग काय खोटं सांगू? बरंच तं वाटलं."

देवमनला हसावं की डोक्याला हात लावावा कळेना. संध्याकाळपर्यंत तो आणि श्रावण अकरा घरं फिरले. तिघांनी गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्या. त्यातला एक बुधाजी कोतवाल म्हणाला, झोप नव्हती येत, पण हे कोणी विचारलंच नाही. पाच घरी गोळ्या डब्यात, मडक्यात, देव्हाऱ्यामागं ठेवलेल्या. दोघींनी माहेरी पाठवल्या होत्या, तिथंही आव चालू होती म्हणून. एकानं बैलाला चारल्या होत्या, आणि बैल बरा झाला असं तो छातीठोक सांगत होता. श्रावण दारादारात एकेक पाऊल जड होत गेल्यासारखा मागं राहू लागला. शेवटच्या घरातून निघताना त्यानं टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं की साहेब, मले काढून टाकतीन काय? देवमन म्हणाला, तुझा फॉर्म चुकीचा नव्हता, माझी व्यवस्था चुकीची होती. जे मी स्वतः पाहायचं, ते मी तीन हात लांब ठेवलं.

अमरावतीला डॉ. बोबडे रागावले नाहीत, उलट चहा मागवला. सगळीकडं काम असंच चालतं, कोणता डॉक्टर घरोघर डबे उघडून पाहतो, असं त्यांचं म्हणणं. सही माझी आहे, जबाबदारी माझी आहे, तुम्ही नाहक खणत बसलात.

"सही तुमची आहे, डॉक्टरसाहेब," देवमन म्हणाला. "बाटलीवर नाव माझं राहणार आहे."

अहवाल त्यानं मुंबईला पाठवला नाही. डॉक्टरांना दिलेले पैसे गेले ते गेलेच. पंजाबरावला सगळं सांगितल्यावर तो सायकल काढून निघून गेला आणि दोन दिवस फिरकला नाही. देवमननं मनातल्या मनात गिरणीच्या मॅनेजरला अर्जही लिहून टाकला. तिसऱ्या दिवशी दुपारी पंजाबराव आला, शर्टाच्या बाह्या वर करून मशीनपाशी बसला आणि म्हणाला, "हे कसं फिरवाचं ते सांग. तू धामणखेडले जा. मी काही गोळी खाऊन पाहाले रिकामा नाई, पण हँडल फिरवता येते मले."

अचलपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी रोगी तपासायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा मल पाहून द्यायचं कबूल केलं. बाकी सगळं देवमननं पाहायचं. चाळीस माणसं घेतली. वीस जणांना गोळी आणि पथ्य, वीस जणांना नुसतं पथ्य. नुसतं पथ्यवाल्यांना गोळी नंतर द्यायची, असं आधीच सांगून. श्रावणच्या दवाखान्याच्या ओसरीवर त्यानं अंथरूण टाकलं आणि दिवसातून तीनदा दोघं पाण्याचा तांब्या घेऊन दारोदार फिरू लागले. गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, मग जीभ दाखवायची. पोरंसोरं मागून ओरडायची, जीभ पाहणारे आले. वहीतला पहिला रकाना होता, "समोर गिळली". जाईबाईच्या पोटात पुन्हा मुरडा सुरू झाला होता, तीही डब्यासकट गोळी घेणाऱ्यांत आली. डबा मात्र तिनं परत मागून घेतला, त्यात कुंकू ठेवायचं होतं.

आठव्या दिवशी पंजाबरावनं पुढं पाठवलेलं पत्र आलं. मुंबईच्या कंपनीनं फार वाट पाहिली होती, आता त्यांनी दुसऱ्याची गोळी घेतली होती. देवमन ओसरीवर पत्र दुसऱ्यांदा वाचत होता. एवढ्यात जाईबाई तावातावानं येताना दिसली. डोळे लाल, पदर कमरेला खोचलेला.

"काऊन रे बाबू, कोनती गोयी देऊन राहिला तू मले? तीन दिस झाले, डोयाले डोया नाई. कोंबड्याच्या आंदी मीच उठून बसून राहिली."

देवमननं पत्र घडी करून खिशात घातलं आणि वही उघडली.

"बस माय. पहिल्यापासून सांग. कोणत्या दिवसापासून?"

"लिहून काय घेतं? माही झोप दे."

"मात्रा कमी करतो. पण पहिले सांग. आन् पोट?"

ती ओसरीवर टेकली. राग तसाच ठेवून म्हणाली, "पोट बरं झालं."

त्यानं दोन्ही लिहून घेतलं. शंभर फॉर्मांत जे कुठंच नव्हतं, ते पहिल्यांदा कोणीतरी त्याला तोंडावर सांगत होतं. ती बोलत राहिली आणि तो लिहीत राहिला. श्रावण दारात उभा राहून पाहत होता.

गोळी घेणाऱ्या वीसपैकी तेरा जणांचा मल स्वच्छ निघाला, नुसत्या पथ्यावर सहा जणांचा. सहा जणांची झोप उडाली. ब्याण्णवपुढं हे आकडे फारच बारके दिसत होते, पण प्रत्येक आकड्यामागचं घर देवमनला माहीत होतं. मात्रा कमी करून त्यानं आणखी दोन गावांत हेच केलं. परवाना मिळाला तो दीड वर्षानं. कारखाना दोन खोल्यांचाच राहिला, गोळी अकोला-अमरावतीच्या बाहेर फारशी गेली नाही. काही महिने देवमन सकाळी गिरणीत तेल मोजायचा आणि दुपारनंतर साल कुटायचा.

बाटलीवरच्या चिठ्ठ्या केशरबाईनं पुन्हा कापल्या. त्यावर नावाखाली दोन ओळी होत्या, इतर कोणाच्या बाटलीवर तेव्हा त्या नसत. एक, ही गोळी घेतल्यावर झोप कमी लागेल, तसं झालं तर कळवा. आणि दुसरी श्रावणच्या शब्दांत, जशीच्या तशी: चौदा दिस ताक-भात, तिखट बंद, पानी उकळून.