लाल अस्तराचे हातमोजे

मुंबईत थंडी पडतच नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला डिसेंबरात सकाळी सव्वासहाला मोपेडवर मागे बसवून पवई तलावाच्या काठाने न्यायचं, असं मी एके काळी ठरवून ठेवलं होतं. कुणी यायला तयार झालं नाही. आमच्या ऑफिसात थंडी म्हणजे नवा स्वेटर मिरवायचे चार दिवस. मला मात्र ती दहाही बोटांत भेटायची आणि ऑफिसची वेळ झाली तरी उतरायची नाही.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. आम्ही मुलुंडला राहायचो आणि मी मरोळच्या एका निमसरकारी कचेरीत हंगामी टायपिस्ट होते. हंगामी म्हणजे दर तीन महिन्यांनी नवा कागद आणि त्याच्या आधी आठ दिवस हेडक्लार्कच्या टेबलाशी खेटे. कायम व्हायचं तर इंग्रजी चाळीस शब्दांच्या वेगाची सरकारी परीक्षा पास होणं भाग होतं. हेडक्लार्कने स्वच्छ सांगितलं होतं, "डिसेंबरात पास हो, तुझा कागद मी स्वतः वर नेतो. नाही झालीस तर मग मला काही विचारायचं नाही." घरात पगार माझा एकटीचा. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, तेवीस वर्षं होते. संप झाला, आणि त्यानंतर गिरणीने त्यांना परत काही बोलावलं नाही. ते दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या दोरीवरचे कपडे बघत. कुठला कपडा किती धुण्यांत विरेल हे ते अचूक सांगत, पण तेही विचारलं तरच.

मुलुंडहून मरोळला लोकलने जायचं म्हणजे आधी उलटं दादर गाठायचं. म्हणून मी ऑफिसातल्या एका बाईंची जुनी मोपेड घेतली होती. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून मी आग्रा रोडवरून निघाले की रिक्षावाले विचारत, "काय, पुण्याहून आलीस काय?" मी त्यांना जे उत्तर देई ते इथे लिहिता येणार नाही.

तर बोटं. टायपिंग क्लासची माझी बॅच सकाळी सातची, मरोळ नाक्यावर. सव्वासहाला घर सोडायचं, कांजूरपर्यंत बरं असायचं, पण पवईचा तलाव लागला की धुक्यातून असा काही वारा यायचा की क्लासला पोचेपर्यंत बोटं माझी नसायचीच. पहिली पंधरा मिनिटं मी 'ए' मारायला जाई आणि 'एस' पडे. सर म्हणत, "हात काखेत धरून बसा जरा." मी चिडून मशीनला दोष देई, मशीन बदलून झालं की रिबनला, रिबन नवी घातली की सरांना. माझा स्वभावच तसा. काही बिनसलं की दुरुस्ती नंतर, आधी ते कुणामुळे बिनसलं ते मला हवं असतं. शेवटी दोष द्यायला थंडीच उरली, तेव्हा मी हातमोजे शोधायला निघाले.

स्टेशनाबाहेर हिवाळ्यात नेपाळी बायका स्वेटर मांडून बसत. तिथून मी निळे लोकरीचे मोजे आणले. दिसायला झकास, पण पवईला वारा त्यांतून आरपार जाई. शिवाय लोकर ॲक्सिलरेटरच्या मुठीवर घसरे, त्यामुळे मी मूठ पिळली तरी गाडी आपल्याच चालीने चाले.

मग शेजारचे काका मदतीला धावले. ते भांडुपच्या कारखान्यात वेल्डर होते. त्यांनी चामड्याचे जाड हातमोजे आणून दिले, कोपरापर्यंत येणारे. "ह्यात वारा काय, आग पण जाणार नाय," म्हणाले. खरं होतं. पण ब्रेक हाताखाली आहे की नाही हेसुद्धा त्यात समजत नसे. पवईच्या उतारावर तबेल्यात चारा नेणारी एक हातगाडी पुढे होती. मी ब्रेक दाबतेय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी नुसतीच मूठ आवळत होते. गाडी अगदी सावकाश, मानाने, त्या हिरव्या गवतात जाऊन शिरली. हातगाडीवाल्याने मला एक काडीही न लागता बाहेर काढलं आणि माझे ते हात बघून विचारलं, "बाई, तुम्ही वीजबोर्डात आहात काय?"

उरलं स्पेअर पार्टचं दुकान. तिथे रेक्झिनचे, आत स्पंज घातलेले हातमोजे टांगलेले असत. मी आत गेले आणि माझ्या मापाचे मागितले.

"लेडीज साइज येत नाय मॅडम," दुकानदार म्हणाला. "लेडीज लोक मागे बसते ना."

"मागे बसणाऱ्या बायका हात घरी ठेवून येतात काय?"

तो हसला, मी हसले नाही. त्याने दिलेल्या सगळ्यात लहान जोडीत माझी बोटं संपल्यावरही अर्धा इंच रेक्झिन उरत होतं. मी तरी ती तणतणत घरी आणली आणि तिन्ही जोड्या गॅलरीत बाबांच्या पुढ्यात टाकल्या. त्यांना दाखवायला नव्हे. टाकायला दुसरी जागा नव्हती आणि मला काहीतरी आपटायचं होतं.

परीक्षेला दहा दिवस होते. गोरेगावच्या एका शाळेत सेंटर होतं, वेळ सकाळी आठची. क्लासची मशीनं आदल्या दिवशी टेम्पोने तिकडे जाणार होती आणि मी आरे कॉलनीच्या रस्त्याने. आरेत झाडांखाली पवईपेक्षाही गारठा जास्त. बधिर बोटांनी तिथे पोचले की पहिल्याच उताऱ्यात माझी वाट लागणार हे मला पक्कं माहीत होतं.

चहा घेऊन आले तर बाबा निळा लोकरी मोजा उजेडापुढे धरून बसले होते. बोटांनी ताणून वीण बघत होते.

"ह्या कापड न्हय, चाळण आसा," ते म्हणाले. मग रेक्झिनचा मोजा उचलून, "ह्येतून वारो जावचो नाय, पण हातय हलाचो नाय." तो खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात दी गो हयसर."

जुन्या वर्तमानपत्रावर त्यांनी माझे दोन्ही हात पालथे ठेवून पेन्सिलीने आखून घेतले. संपापासून त्यांनी स्वतःहून काहीतरी करायला घेतलं होतं ते हे पहिलंच. मी आणि आईने एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं.

गिरणीतल्या माणसांच्या घरी फेंटांची ट्रंक असतेच. फेंट म्हणजे तागे कापताना उरलेले तुकडे, कामगारांना मिळायचे. आमचे पडदे, पिशव्या, माझे शाळेचे फ्रॉक सगळे त्यातले. बाबांनी ट्रंक उघडून एक खाकी, दाट विणीचा तुकडा काढला. तो तोंडाला लावून फुंकला आणि पलीकडे माझा तळहात धरला. "लागता?" मला काही लागलं नाही. तो पसंत. तळव्याच्या बाजूला मुठीवर पकड यावी म्हणून त्यांनी रेक्झिनचा मोजा फाडून त्याची पट्टी लावली. आत अस्तराला मऊ म्हणून लाल फ्लॅनेल, त्याच ट्रंकेतलं, कोरं करकरीत.

आठ दिवस ते शिवत होते. तीन वेळा बोटं उसवली. आईला शिवणाच्या मशीनला हात लावू दिला नाही. मध्येच मला हाक मारून हात पुढे करायला लावत आणि म्हणत, "आता 'ए' मार." मी हवेत करंगळी हलवून दाखवी. ते मान हलवून परत कात्री घेत. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जोडी पुरी झाली. मी घातली आणि खरंच सांगते, एवढी मापाची वस्तू मी आयुष्यात कधी घातली नव्हती.

सकाळी आरेत दवाने रस्ता ओला होता. युनिटांतल्या, म्हणजे तिथल्या सरकारी गोठ्यांतल्या, म्हशींच्या अंगातून वाफा निघत होत्या, माझ्या तोंडातूनही निघत होत्या, आणि माझे हात दुपारी दोनला असावेत तसे उबदार होते. मी मोठ्याने गात होते. कोणी बघत नव्हतं, आणि बघितलं असतं तरी गायले असते. शाळेच्या फाटकापाशी पोचले तर बाकीच्या मुली तळहातांवर फुंकर घालत उभ्या होत्या. मी ऐटीत एकेक बोट सोडवत हातमोजे काढले.

दोन्ही हात कुंकवाच्या करंड्यात घातल्यासारखे लाल. उबेने हात घामेजले होते आणि फ्लॅनेलने आपला सगळा रंग त्या घामात सोडला होता. रुमालाने पुसले तर रुमाल लाल झाला. घंटा झाली म्हणून तशीच आत जाऊन बसले, मशीनमध्ये कागद घातला, आणि कागदाच्या दोन्ही कडांवर माझे अंगठे उमटले.

सुपरवायझर बाई बघतच राहिल्या. उत्तरपत्रिकेवर कुठलीही खूण चालत नाही, हा नियम. "हात धुऊन या. कागद दुसरा देते. पण वेळ थांबणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही. नळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्याला त्या सकाळी बर्फासारखं पाणी होतं. मी रगडून रगडून हात धुतले. परत आले तोवर उतारा सुरू होऊन तीन मिनिटं गेली होती, आणि बोटं अशी बधिर झाली होती की निळ्या लोकरीतही कधी झाली नव्हती.

उतारा पुरा झाला नाही. बाहेर आल्यावर मी शाळेच्या भिंतीला टेकून रडले, आणि मग मला सवयीने राग आला. दोष कुणाचा हे या खेपेला शोधावंही लागत नव्हतं. साध्या बाईलासुद्धा कळतं की कोरं लाल कापड आधी पाण्यातून काढायचं. तेवीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाला कळू नये? घरी जाऊन काय काय बोलायचं ते मी आरेभर जुळवत आले.

बिल्डिंगच्या खाली पोचले तर बाबा गॅलरीत नव्हते. ते खाली फाटकात उभे होते. दाढी केलेली, धुतलेला शर्ट घातलेला. संपानंतर मी त्यांना असं उभं कधी पाहिलं नव्हतं.

"गारठले नाय ना हात?" त्यांनी विचारलं.

मी ऐन उन्हात हातमोजे घालूनच होते. ते काढवेनात. "अजिबात नाही," मी म्हटलं. "झकास होते."

जेवायला बसल्यावर मात्र हात लपवायला जागा नव्हती. नखांच्या कडा लालच होत्या. बाबांनी विचारलं, "तांबडे कित्याक गो?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आगळाची बाटली फुटली सकाळी. तिनाच पुसल्यान." कोकमाच्या आगळाची बाटली फडताळात अख्खी उभी होती. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. मोजे आत नेऊन ठेवताना तिने अस्तराचा सुटलेला रंग बघितला असणार. बाबांनी "बरां" म्हटलं आणि भात कालवला.

निकालात नापास. सराव कमी पडला, असं मी घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, क्लासच्या सरांना सांगितलं. माझा कागद वर गेला नाही. पुढचे सहा महिने मी पुन्हा तीन-तीन महिन्यांच्या कागदावर काढले आणि जूनच्या परीक्षेत, ज्या दिवसांत हातमोजे हा शब्दही कुणाला सुचत नाही, पास झाले. मग कायमही झाले. हातमोज्यांबद्दल घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. मला वाटत होतं, मी किती छान निभावलं.

पुढच्या डिसेंबरात पहिला गारठा पडला त्या रविवारी मी उठले तर मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. बाबा उकिडवे बसून लाल फ्लॅनेलचा नवा तुकडा पिळत होते. शेजारी बादली, बादलीत लाल पाणी. ते पाणी ओतत, नवं घेत, कापड बुडवत, पिळत आणि उजेडाकडे धरून पाण्याचा रंग बघत. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. त्यांची बोटं सुरकुतून पांढरी पडली होती.

मी दारात उभी आहे हे त्यांना कळलं. त्यांनी वर बघितलं नाही.

"मी साचेखात्यातलो," ते म्हणाले. "रंगाचा माका काय कळणा नाय गो."

वर्षभर मी त्यांच्यापासून लपवत होते आणि वर्षभर ते मला लपवू देत होते. मी ओढणी कमरेला बांधली, त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि कापडाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून पिळलं.

"अजून एक पाणी लागेल," मी म्हटलं.