वीरप्पानं धाडलेली बाटली

ऊन वर आलं तरी जळकोटच्या ओढ्यातलं धुकं हलायचं नाव घेत नव्हतं. शिंदीच्या बुंध्यांना धरून ते बसून राहिलं होतं. हाडात शिरणारी थंडी. अशा थंडीत झाडं मनाजोगी पाझरतात, म्हणून धोंडप्पा एरवी गुणगुणत चढायचा. आज त्याच्या तोंडाला कुलूप होतं. कमरेचा दोर बुंध्याभोवती टाकून तो वर जाई, रातभर टपटपून भरलेलं मडकं सोडी, खाली उतरून ओंजळीत घोटभर नीरा घेई. गोड लागली की नीरेच्या घागरीत. जिभेला चुणचुणली की गुत्त्याच्या घागरीत. मिसरूड फुटल्यापासून त्याचं हेच चाललं होतं.

धाकटा भाऊ वीरप्पा गेल्याची खबर काल संध्याकाळी आली होती, आणि ती घेऊन वीरप्पाची बायको इरम्माच सोलापूरच्या मोटारीतून उतरली होती. दूर पाँडिचेरीला तो एका फ्रेंच साहेबाच्या स्वयंपाकघरात होता. फ्रेंचांचं राज्य गेलं, साहेब बोटीत बसून गेला, आणि पुढच्या थंडीत वीरप्पा तापानं गेला. इरम्माच्या माहेरी दिवा लावायला कुणी उरलं नव्हतं. धोंडप्पाच्या बायकोनं, हरणाबाईनं, जावेला ओट्यावर वाकळ टाकून दिली होती. घरात घ्यायचं का न्हाय, ते धोंडप्पानं अजून ठरवलं नव्हतं.

दोघा भावांचं फाटलं होतं ते चुन्यावरून. मडक्याला आतून चुना फासला की नीरा गोड राहते, न्हाय तर दिवस चढता चढता आंबते. वीरप्पा मुद्दाम चुन्याविना मडकी टांगायचा. एकदा गावच्या नाईकाच्या घरच्या लग्नाची सगळी नीरा त्यापायी बिघडली. धोंडप्पानं चारचौघांत त्याच्या कानाखाली जाळ काढला आणि म्हणाला, "तुझी जीभ मेलीय. मेल्या जिभेचा माणूस आमच्या धंद्यात नगं." त्याच रात्री वीरप्पानं बायकोसह गाव सोडलं होतं.

पायवाटेनं दोघी जावा येताना दिसल्या. इरम्माच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली हिरवी बाटली. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. ती पदर पुढं ओढून हरणाबाईच्या मागं थांबली.

"अक्का, सांगा की भावजींना. साहेबानं जाताना यांना दिल्ती. त्यांच्या मुलखातली, द्राक्षांची. यांनी हात लावला न्हाय. शेवटच्या घटकेला म्हणले, 'भावाला दे. त्याला कळंल.'"

"ऐकलं का?" हरणाबाई म्हणाली.

"मी काय बहिरा हाय?"

हरणाबाईनं काडीनं बूच आत ढकललं. धोंडप्पानं ओंजळ पुढं केली. नुकतीच त्यानं सगळ्यात गोड झाडाची नीरा चाखली होती, तिचा चिकटा ओठांवर तसाच होता. त्याच तोंडात त्यानं हा घोट घेतला, खुळखुळवला आणि पचकन थुंकला.

"आंबट. कच्च्या कवठासारखी. मडक्याला चुना न लावता इतक्या वर्सांनी मला धाडतोय व्हय? त्याला कळंल म्हणं. कळलं. बोलून दाखवलं मेल्यावरबी."

"अवो, असं कसं…" हरणाबाई म्हणू लागली.

"तिला म्हणावं, दुपारच्या मोटारीनं जा. नळदुर्गाला कुणाच्या घरी धुणीभांडी मिळतील."

इरम्मा रडली नाही. बूच आत पडलं होतं, म्हणून तिनं बाटलीच्या तोंडाला चिंधी कोंबली आणि ती घराकडं वळली.

दुपारी धोंडप्पा जेवायला आला तेव्हा इरम्माचं गाठोडं ओट्यावर बांधून ठेवलेलं होतं. चुलीपाशी मात्र तीच होती. बोरी नदीचे मासे आले होते. तिनं ते नुसतं मीठ लावून, लोण्यावर परतले होते.

"तिखट कुठाय?" धोंडप्पानं बायकोला विचारलं.

"तिचा दाल्ला असंच खायचा म्हणती. जातीय तर एकदा तिच्या हातचं करून जाऊ द्या की."

त्यानं भाकरी मोडली. पहिला घास अळणी वाटला. दुसऱ्याला मीठ लागलं, तिसऱ्याला माशाची स्वतःची चव. सकाळपासूनची नीरेची गोडी तोंडातून कधीच पुसली गेली होती. हरणाबाईनं न विचारता पितळी त्याच्यापुढं सरकवली. तळाशी पिवळसर, पाण्यासारखं काहीतरी.

"बाटली तशीबी सांडायचीच हाय. घोट घेऊन मग सांडा."

तिच्याकडं न बघता त्यानं घोट घेतला. मग घास खाल्ला. पुन्हा घोट घेतला, आणि त्याचा हात तसाच थांबला.

गोडी कुठंच नव्हती. पण ही आंबलेलीही नव्हती. आंबलेलं घशाला ओरबाडतं. ही स्वच्छ उतरत होती, ओढ्यातल्या धुतल्या गोट्यासारखी, आणि मागं कच्च्या पेरूचा वास ठेवत होती. धोंडप्पाला ही जागा ठाऊक होती. चुना न लावलेल्या मडक्यात सकाळ आणि दुपारच्या मधी एक वेळ येते. गोडी सरलेली असते, आंबटपणा अजून शिरलेला नसतो. पाण्याची कळशी भरेपर्यंत ती टिकत नाही. धंद्याच्या माणसाला ती वेळ कामाची नाही, म्हणून त्यानं कधी तिकडं लक्षच दिलं नव्हतं. वीरप्पा मात्र त्याच वेळेला मडकं मांडीत घेऊन झाडाखाली बसलेला असायचा. हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. धोंडप्पाला वाटायचं, आळशी हाय.

त्या मुलखातल्या लोकांनी तेवढीच वेळ धरून बाटलीत कोंडली होती. वर्षानुवर्षं. आणि आपल्याला हे दाखवावं असं वीरप्पाला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

पितळीत उरलेला घोट तो बघत बसला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं खांद्यावरच्या पंच्याला पुसलं.

"मीठ जास्त झालं का?" हरणाबाईनं विचारलं.

"न्हाय." पितळी खाली ठेवत तो म्हणाला, "त्याची जीभ मेली नव्हती गं. माझीच मेली हुती."

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. कुणीच उठलं नाही. मोटार नळदुर्गाकडं निघून गेली.

"गाठोडं आत घ्यायला सांग तिला," धोंडप्पा म्हणाला. मग रीत मोडून त्यानं चुलीकडं तोंड केलं. "इरम्मा, मधल्या खोलीत ज्वारीची पोती हायती. ती मी सरकवून देतो. तिथं वाकळ टाक."

"व्हय, भावजी," पदराआडून आवाज आला.

त्यानं हात धुतले, पोती भिंतीला लावली, आणि झाडं छेदायचा कोयता घेऊन दगडापाशी बसला. सकाळपासून धार लावायची राहिली होती. दगडावर पाणी शिंपडून त्यानं पातं घासायला घेतलं.