एक व्यक्ती, संपर्क नाही

अंटार्क्टिकावरच्या न्यूझीलंडच्या तळावर मी एक उन्हाळा रेडिओ ऑपरेटर होते. काम सांगायला सोपं. तळापासून लांब, बर्फात तंबू ठोकून बसलेले संशोधक रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी साडेसातला रेडिओवर येणार आणि मी त्यांना ठरलेले चार प्रश्न विचारणार. कुठे आहात? किती जण आहात? सगळे ठीक? काही हवंय? या ठरल्या वेळच्या बोलण्याला तिथे स्केड म्हणतात. स्केड चुकलं तर अर्ध्या तासाने पुन्हा हाक मारायची. तेव्हाही उत्तर आलं नाही तर आणखी अर्धा तास थांबायचं, आणि मग शोध सुरू. “बॅटरी गेली असेल” म्हणून तर्क लढवणाऱ्याला मी फाडून खायचे. त्याआधी आठ वर्षं क्राइस्टचर्चमध्ये आपत्कालीन फोन घेण्याचं काम केलं होतं. ‘असेल’ या शब्दाने काय काय होतं ते मला माहीत होतं.

ऑक्टोबर संपता संपता तिथला सूर्य मावळायचा थांबतो. घाण्याच्या बैलासारखा तो डोक्याभोवती गोल गोल फिरत राहतो. पहिला आठवडा मला झोपच आली नाही, आणि नंतर जी आली ती कधी पुरती गेलीच नाही. जेवताना, बूट चढवताना, रेडिओच्या खोलीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या, मी अर्धी जागी आणि अर्धी कुठेतरी असायचे. तिथे वासही नसतो. बर्फाला नाही, वाऱ्याला नाही, दगडाला नाही. पाव भाजला की तेवढा एक वास लांबलचक बोळातून चालत यायचा, आणि मी डोळे मिटून त्याला वाट द्यायचे.

आणि आवाज! इयरफोन लावला की आधी नुसती खरखर, मग तिच्या तळातून एखादा माणूस हळूहळू वर यायचा. त्यातल्या कित्येकांना मी कधी पाहिलं नाही. एकाला सर्दी झालीय, एक घरच्या आठवणीने कोमेजलाय, एका तंबूतल्या दोघांचं आज वाजलंय, हे सगळं मला “ऑल वेल” एवढ्यावरून कळायचं. स्केड संपलं तरी मी इयरफोन काढायचे नाही. खिडकीतून गोठलेला समुद्र दिसायचा, पलीकडे ज्वालामुखीच्या टोकावरून धुराची एक बारीक रेघ निघायची. कुणी मला हाक मारत नसायचं. ते मला फार आवडायला लागलं होतं.

का गेलीस, असं कुणी विचारलं तर मी “अनुभव” म्हणून मोकळी व्हायचे. खरं कारण लाजिरवाणं होतं. क्राइस्टचर्चमधल्या आमच्या रिकार्टनच्या घरात मी हाकांना विटले होते. आई, माझे पोहायचे टॉग्ज कुठेत? अगं, गाडीची किल्ली पाहिलीस का? दिवसभर फोनवर परक्यांच्या किंकाळ्या आणि घरी आल्यावर हे. नवरा भला माणूस आहे. “जाऊन ये, आम्ही बघतो,” असं तोच म्हणाला. मुलगी नऊ वर्षांची होती. ती काहीच म्हणाली नाही, आणि ‘ऑल वेल’मधून माणूस ओळखणाऱ्या मी ते सोयीस्करपणे ऐकलं नाही.

दिवाळीपर्यंत ती रोज फोनवर यायची. आमच्या मागच्या अंगणात दरवर्षी आम्ही दोघी मातीचा किल्ला करतो. त्या वर्षी तो बाबाने केला, आणि त्याने बुरुज चौकोनी केले. त्यानंतर ती फोनवर येईनाशी झाली. “अगं, ती बिझी आहे म्हणते,” नवरा चाचरत सांगायचा, आणि मागून टीव्ही ऐकू यायचा.

शेवटी मी त्याला म्हटलं, “तिला सांग, फोन नाही, स्केड आहे. रोज सहाला, रेडिओच्या खोलीतल्या नंबरवर. चार प्रश्न, वर एक शब्द नाही.”

ती आली. “वी आर इन द किचन. टू परसन्स. ऑल वेल. नथिंग नीडेड.” मग तेच चार प्रश्न तिने मला विचारले आणि फोन ठेवला. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तसं आमच्याकडे नेहमीचंच आहे. पण त्या दिवसापासून डिसेंबरपर्यंत सहाचं स्केड एकदाही चुकलं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने नियम मोडून पाचवा प्रश्न विचारला, “व्हॉट इफ यू मिस इट?” मी मोठ्या तोऱ्यात तिला सगळं समजावलं. अर्धा तास, मग आणखी अर्धा तास, मग शोध. बेपत्ता माणसाबद्दल आमच्या क्राइस्टचर्चच्या कचेरीत कोणता फॉर्म भरतात, त्यात काय काय विचारतात, तेही सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. “पण मी चुकवत नाही,” असंही म्हणाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

नोव्हेंबरच्या शेवटी तळाच्या मॅनेजरने मला बोलावून घेतलं. हिवाळ्यासाठी नेमलेल्या ऑपरेटरने नाही म्हटलं होतं. तू थांबशील का? थांबणं म्हणजे फेब्रुवारीतलं शेवटचं विमान आपल्याशिवाय जाताना बघायचं. मग अंधार, मूठभर माणसं, आणि कित्येक महिने कुणाचं येणं नाही की जाणं नाही. मी फॉर्म घेतला, सही सोडून सगळा भरला आणि रेडिओच्या खोलीतल्या खणात ठेवला. घरी बोलले नाही. रोज सहाला “काही हवंय?” असं ती विचारायची आणि मी “काही नाही” म्हणायचे.

डिसेंबरातला एक रविवार होता. तळावरची आचारीण माझी तिथली एकुलती एक मैत्रीण. टौरंगाची, पन्नाशी ओलांडलेली, नातवंडांचे फोटो पिठाच्या डब्यावर चिकटवणारी बाई. दुपारी आम्ही दोघी वहीत नावं लिहून समोरच्या बर्फात फिरायला गेलो. समुद्राचा बर्फ तिथे किनाऱ्याला रेटून उभा राहतो आणि त्याच्या निळ्या भिंती होतात. एका भिंतीआड सील मादी पिल्लाला घेऊन झोपली होती. आम्ही लांबच बसलो. पायाखाली, बर्फाच्याही खाली, दुसरे सील शीळ घालत होते. आधी वाटलं माझ्याच कानात वाजतंय. शीळ वरून खाली घसरत जायची आणि संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. परत आलो, वहीत ‘परत’ अशी खूण केली, वेळेच्या आत. तळाच्या नियमात मी कुठेही चुकले नाही.

मग चहा घेऊन मोठ्या खिडकीपाशी बसलो. ऊन दुपारी होतं तसंच होतं.

“विंटरचं काय ठरलं?” तिने विचारलं. “यू’ड बी हीप्स गुड ॲट इट.”

“थांबेन बहुतेक.”

“लेकीला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“स्वीट ॲज,” ती म्हणाली. एरवी ‘छानच की’ अशा अर्थाने ती ते हसून म्हणते. या वेळी तिने कप उचलला आणि स्वयंपाकाला गेली.

मी तिथेच बसून राहिले. डोळे उघडे होते, पण मला हिवाळा दिसत होता. बाहेर काळोख, आत मी, समोर रेडिओ, आणि त्याच्यातून कुणीही बोलत नाहीये. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सही करायचीच, हे त्या खुर्चीत माझं ठरलं. कुणीतरी जेवायला चल म्हणालं, मी नंतर येते म्हटलं. मग साडेसातच्या स्केडची तयारी करायला सवयीने उठले आणि रेडिओच्या खोलीत जाऊन बसले. सात वाजले होते. सहा कधी वाजले, ते मला अजून आठवत नाही.

सव्वासातला फोन वाजला. क्राइस्टचर्चच्या कचेरीतला सुट्टीच्या दिवसाचा ड्यूटीवरचा माणूस होता. नवा असावा. त्याला माझा आवाज ओळखीचा नव्हता आणि मलाही त्याचा.

“किया ओरा,” त्याने माओरीत नमस्कार केला. “ओव्हरड्यू रिपोर्ट आहे. एक व्यक्ती, संपर्क नाही. फॉर्म वाचून दाखवतो, लिहून घ्या.”

मी पेन उचललं आणि भिंतीवरच्या नकाशावर नजर फिरवली. एकट्या माणसाचा तंबू कुठेच नव्हता.

“शेवटचा संपर्क काल संध्याकाळी सहा. आज सहाला उत्तर नाही. साडेसहाला पुन्हा नाही. सातला कळवलं.” मी लिहीत होते. “बाई. वय एक्केचाळीस. जांभळी लोकरीची टोपी, आजीने विणलेली. तब्येत चांगली. थंडी वाजते, पण वाजत नाही म्हणते. हाक मारली तर उत्तर देईल का? देईल, पण दुसऱ्या हाकेला.”

माझं पेन थांबलं होतं. टोपी माझ्यासमोर टेबलावर होती.

“कळवणारं कोण?” मी विचारलं.

“मुलगी. वय नऊ.” तो जरा घुटमळला. “लहान आहे, पण नियमाने बोलत होती. वडील लॉन कापतायत आणि आई कामात असेल म्हणतायत, म्हणून मीच फोन केला, म्हणाली. मी थोडक्यात आटपणार होतो. तिने पूर्ण फॉर्म भरायला लावला. एक प्रश्न मी गाळलाही. नंबर मोठ्याने वाचत होतो ना, अठरानंतर एकदम वीस म्हटलं. ती म्हणाली, एकोणीस राहिला.”

एकोणिसावा प्रश्न मला पाठ होता. या व्यक्तीला सापडायचं नसेल, असं काही कारण आहे का? मीच तिला सांगितला होता. उत्तर ऐकायची मला भीती वाटली, तरी विचारलं.

त्याने वाचलं. “तिला तिकडे आवडतं. घरी ती दमलेली असते, तिकडे नसते. आवाजावरून कळतं. तिला बहुतेक परत यायचं नाहीये.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसाच फोन घेऊन स्वतःचं वर्णन लिहीत बसला होता. मी म्हटलं, “ती मीच आहे.”

मग त्याने, विचारायलाच हवं म्हणून, “आर यू इंजर्ड?” असं विचारलं. नाही म्हटलं. घरी मी कळवते म्हटलं.

घरचा फोन पहिल्या घंटेलाच उचलला गेला. ती रडत नव्हती. रडत असती तर बरं झालं असतं, मला रडणाऱ्या माणसांची सवय आहे.

“आर यू हर्ट?”

“नाही गं.”

“इज द रेडिओ ब्रोकन?”

“नाही.”

“देन व्हाय?”

आठ वर्षांत मी सगळ्या सबबी ऐकल्या होत्या. त्यातली कुठलीही मला वापरता आली असती. एखादा तंबू अडचणीत होता म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं, वर काळजीही केली असती.

“विसरले,” मी म्हटलं. “खिडकीत बसले होते आणि तुला विसरले. चुकलं माझं.”

मागे नवऱ्याचा धापा टाकणारा आवाज आला, “सापडली का? मी म्हटलं होतं ना...” आणि ती त्याला “श्श” म्हणाली. मग मला म्हणाली, “आर यू कमिंग बॅक?”

कधी येणार, असं तिने विचारलं नव्हतं. हिवाळ्याचा फॉर्म ठेवलेला खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

“येणार आहे,” मी म्हटलं. “फेब्रुवारीत. शेवटचं विमान जाईल, त्याच्या आधीच्या विमानाने.”

“से अगेन,” ती म्हणाली.

रेडिओवर नीट ऐकू आलं नाही की तसं म्हणतात. पण हा रेडिओ नव्हता. लाइन इतकी स्वच्छ होती की मला आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मी पुन्हा सांगितलं.

“से अगेन.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजून गेले होते. इयरफोनमधून पहिला तंबू मला हाका मारत होता. मी पुन्हा सांगितलं.