हुरझुक मॅडमचा कार्यानुभवाचा तास

हुरझुक मॅडमना रबाळ्याच्या कंपनीतून हाकललं, कारण त्या मोठ्या साहेबाचे फोन चोरून ऐकायच्या. एकदा म्हणे साहेब बायकोला सांगत होता की मी पुण्याला आहे, तर मॅडम मधेच लाइनवर आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सर, आपली गाडी खाली लागली आहे." सानपाड्याच्या आमच्या शाळेत ही गोष्ट पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना पाठ होती. साहेब, साहेबाची बायको आणि मॅडम असे तिन्ही आवाज मी काढायचे, त्यामुळे ती पसरायला जरा मदतच झाली.

गोष्ट साफ खोटी होती. नफिसा हुरझुक मूळच्या श्रीवर्धनच्या. लग्न होऊन वाशीला आल्या आणि रबाळ्यात रंग बनवणाऱ्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या. अकरा वर्षं त्या बोर्डसमोर बसल्या. पंच्याण्णव साली कंपनीने टेबलाटेबलावर डायरेक्ट लाइन घेतली आणि बोर्ड भंगारात गेला. साहेबांनी त्यांना पॅकिंगला जा म्हटलं. त्या म्हणाल्या, अकरा वर्षं बोलण्याचं काम केलं, आता खोकी चिकटवत गप्प बसायला जमणार नाही. आणि स्वतःच राजीनामा देऊन आल्या.

हे मला त्यांनीच सांगितलं. माझ्या तीन आवाजांच्या प्रयोगाची बातमी त्यांच्यापर्यंत गेली तेव्हा त्यांनी मला बोलावलं, पूर्ण प्रयोग करायला लावला आणि शेवटी म्हणाल्या, "आवाज चांगले काढतेस, गीतांजली. मजकूर चुकीचा आहे. मला विचारायचं होतंस, मी खरा दिला असता."

शाळेत त्या आल्या तेही फोनमुळेच. त्यांची मुलगी झेबा आमच्याच शाळेत होती. तिच्या परीक्षेची तारीख विचारायला त्यांनी फोन केला. आमचे क्लार्क शिवरामभाऊ फोन उचलून एवढंच म्हणायचे, "हां, बोला, काय पाहिजे?" त्या दिवशीही तेच म्हणाले आणि उत्तर न देता रिसीव्हर टेबलावर ठेवून चहा प्यायला गेले. दुसऱ्या दिवशी मॅडम थेट मुख्याध्यापिका मालतीबाईंच्या केबिनमध्ये. तुमच्या मुलांना गणित येतं, भूगोल येतो, उद्या नोकरीला लागली की फोन उचलता येणार नाही, चूक झाली तर सांगता येणार नाही, उशीर झाला तर नुसती कारणं देतील. हे कोण शिकवणार? मालतीबाई म्हणाल्या, हे काय शिकवायचं असतं? मॅडम म्हणाल्या, तुमच्या ऑफिसात तुम्हीच एक फोन करून बघा.

मालतीबाईंनी केला असावा. कारण जूनपासून सातवीचे कार्यानुभवाचे आठवड्याचे तीन तास मॅडमना मिळाले, तासिका तत्त्वावर, दिवाळीपर्यंत. पुढचं दिवाळीनंतर बघू.

आता कार्यानुभव म्हणजे काय, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगायला नको. वेळापत्रकात तो तास असतो, वर्गात कधीच नसतो. आमचा तास गणिताचे सुभाष सर घ्यायचे. सातवीला स्कॉलरशिपची परीक्षा, त्यामुळे सर म्हणायचे, "खडूच्या डब्या नंतर बनवा, आधी हे काळ-काम-वेगाचं बघा." तो तास मॅडमकडे गेल्यावर सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की छान, आता स्कॉलरशिपच्या पेपरात 'हॅलो' कसं म्हणायचं ते येईल. पालकसभेतही एक काका बोलले, माझा मुलगा इंजिनिअर होणार आहे, ऑपरेटर नाही. मॅडमनी शांतपणे विचारलं, इंजिनिअर झाल्यावर तो कोणाशी बोलणार नाही का?

पहिल्या दिवशी त्या कंपनीच्या भंगारातून आणलेली दोन मेलेली टेलिफोन यंत्रं घेऊन आल्या. एक त्यांच्या टेबलावर, एक मागच्या बाकावर. आधी आपलं नाव सांगायचं, मग समोरच्याचं विचारायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं आणि किती वाजता कळवू ते सांगायचं. प्रत्येक फोनची चिठ्ठी लिहायची: कोणाचा, कोणासाठी, काय काम, किती वाजता, आपण काय उत्तर दिलं. पाच ओळी. उशिरा आलेल्याला त्या कारण विचारायच्याच नाहीत. वर्गाच्या दाराशी उभा राहिलेला प्रसाद पाण्याचा टँकर, लहान भाऊ, सायकलची चेन असं सगळं सांगून दमला की त्या म्हणायच्या, "कारण नको. उद्या किती वाजता येशील ते सांग." तो सांगायचा, आणि गंमत म्हणजे यायचा. चूक कबूल करायची तर तीन वाक्यांत. काय केलं, कोणाला त्रास झाला, आता काय करणार. चौथं वाक्य आलं की त्या हात वर करायच्या, कारण चौथ्या वाक्यात माणूस दुसऱ्याचं नाव घेतो.

रागावलेलं गिऱ्हाईक मी व्हायचे. वर्गातल्या एकेकाला फोनवर घेऊन मी भाजीवाली, बँकेतला साहेब, सोसायटीचा सेक्रेटरी होऊन फाडून खायचे आणि त्यांनी न चिडता चिठ्ठी पूर्ण करायची. नदीम नावाचा एक मुलगा तोपर्यंत हजेरीलाही नुसता हात वर करायचा. सप्टेंबरमध्ये त्याने माझ्या सेक्रेटरीला सांगितलं, "सर, आपण रागावून घ्या, तोवर मी आपला फ्लॅट नंबर लिहितो." वर्ग हसून लोळला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी नदीमची चिठ्ठी भिंतीवर लावली.

ऑक्टोबरमध्ये शिवरामभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा, दाखल्यांची गर्दी, ऑफिसात माणूस नाही. मॅडमनी मालतीबाईंना सांगितलं, मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावरचा एक तास, फोन आणि खिडकी माझी सातवी सांभाळेल, मी मागे बसते. केबिनबाहेर आम्ही चार जणी कान लावून उभ्या होतो. मालतीबाईंचं उत्तर स्वच्छ ऐकू आलं, "सांभाळू दे. पण एक जरी तक्रार माझ्या टेबलावर आली, तर दिवाळीनंतर तास सुभाष सरांचा. मग माझ्याकडे येऊ नका."

मॅडमनी "चालेल" म्हटलं. नुसतं चालेल. झेबाचं दहावीचं वर्ष होतं, तिचे बाबा तीन वर्षांपूर्वी वारले होते आणि घरात येणारा पगार हा तीन तासांचा आणि संध्याकाळच्या टायपिंगचा. हे सगळ्यांना माहीत होतं, मालतीबाईंनाही.

सोमवार ते बुधवार एकही चिठ्ठी अपुरी राहिली नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर फोनवर माझी पाळी होती. मॅडम मागे दाखल्यांची फाइल लावत होत्या. फोन वाजला.

"शाला हाय का? मी सयाजी मढवी. माजे नातीचा दाखला कवा मिलनार हाय?"

सानपाडा गावातले म्हातारे आजोबा. बोनाफाईडसाठी दोनदा येऊन परत गेले होते. मी समोरची यादी पाहिली आणि म्हटलं, "दाखला शनिवारी मिलनार हाय, आजोबा."

त्यांच्याच सुरात. त्यांच्याच जाड्या आवाजात. देवाशपथ, मी ठरवून केलं नाही. समोरच्याचा सूर कानात गेला की माझ्या तोंडातून तोच बाहेर पडतो, जांभईसारखा. मग ते हळू बोलले, "माजी नक्कल करतंस? हाच शिकवतान काय शालंत?" आणि फोन ठेवला.

मॅडमनी काही ऐकलं नाही असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, चिठ्ठी. मी पेन घेऊन बसले. चार ओळी लिहिल्या. पाचवी, आपण काय उत्तर दिलं, तिथे हात थांबला. राँग नंबर होता म्हटलं असतं तर विषय संपत होता. मॅडम माझ्याकडे बघतही नव्हत्या, पण फाइलची पानं उलटायचा आवाज थांबला होता. शेवटी मी लिहिलं, 'दाखला शनिवारी, असं त्यांच्या आवाजात सांगितलं. त्यांना नक्कल वाटली. रागावून फोन ठेवला.'

त्यांनी ती दोनदा वाचली. मी म्हटलं, मॅडम, फाडून टाकू का, कोणाला कळणार आहे? चिठ्ठी घेऊन त्या केबिनकडे निघाल्या, मीही मागोमाग.

सुभाष सर तिथेच बसले होते. चिठ्ठी वाचून मालतीबाईंनी विचारलं, ही तक्रार धरायची का? मॅडम म्हणाल्या, "तक्रार अजून आलेली नाही. चूक झाली आहे. ती आम्ही आत्ता जाऊन निस्तरतो. उद्या ते तुमच्या टेबलाशी आले, तर तास सरांचा. मी दिलेला शब्द मोडत नाही." सर काहीतरी बोलायला गेले, मालतीबाईंनी त्यांना थांबवलं.

दाखल्याचा कोरा अर्ज घेऊन आम्ही दोघी उन्हातून गावाकडे निघालो. सेक्टर संपतात, बिल्डिंगी मागे राहतात आणि एकदम कौलारू घरं, वाळत टाकलेली जाळी. मॅडम भराभर चालत होत्या. मी रडवेली झाले होते आणि मला रडू यायला लागलं की मी जास्त बोलते. मी म्हटलं, ते दारातूनच हाकलतील आणि उद्या थेट केबिनमध्ये जाऊन तक्रार देतील, बघा तुम्ही. मॅडम म्हणाल्या, नाही. उद्या येतील, पण खिडकीशी. भांडायचं असतं तर फोन ठेवला नसता. मी म्हटलं, पैज? मला वाटलं, टीचर आहेत, नाही म्हणतील.

"लाव," त्या म्हणाल्या. "ते केबिनमध्ये तक्रार द्यायला गेले, तर तू प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेसमोर माझी नक्कल कर. मी पहिल्या रांगेत बसेन. खिडकीशी आले, तर आठवडाभर एकाही माणसाचा आवाज काढायचा नाही. सुभाष सरांचासुद्धा नाही."

सयाजी आजोबा ओट्यावर बसले होते. मॅडमनी नाव सांगितलं आणि मागे सरकून उभ्या राहिल्या. बोलायचं मला होतं. मी सुरुवात केली, "नमस्कार आजोबा, मी शाळेतून बोलते आहे," आणि माझं मलाच कळलं, हा आवाज मॅडमचा आहे. ऑपरेटरचा, इस्त्री केलेला. मागे मॅडम खोकल्या. मी थांबले. माझा स्वतःचा आवाज कुठून काढायचा हे मला खरंच आठवेना. मग जो आला तो, जरा किनरा, निघाला.

"आजोबा, मी फोनवर तुमच्या आवाजात बोलले. तुम्ही दोनदा फुकट फेरी मारली होतीत, त्यावर हा अपमान झाला. अर्ज आणलाय, भरून द्या, उद्या अकराच्या आत सही घेऊन ठेवते."

चौथं वाक्य तोंडात आलं होतं. गिळलं.

आतून आजोबांच्या बायकोने, सुंदराबाईंनी, पाण्याचे दोन तांबे आणून ठेवले. मग ते माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाले, "बाय, या नव्या गावात कंच्या बी हापिसात जावा, आमचे बोलीत कोनी बोलत न्हाय. बोलला त थट्टा कराला. म्हनून मना तसा वाटला." मॅडमनी मान हलवली आणि त्यांच्या श्रीवर्धनच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, मला अर्धंच कळलं. आजोबांनी अर्ज घेतला नाही. मी तो ओट्यावर ठेवला, वर दगड ठेवला आणि आम्ही आलो. पैज जिंकण्याची मला पहिल्यांदाच भीती वाटत होती.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी खिडकीत बसले. अकराला दहा कमी असताना आजोबा फाटकातून आले. पांढरी टोपी, हातात घडी केलेला कागद. खिडकीकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ व्हरांड्यातून चालत गेले आणि केबिनच्या दाराशी उभे राहिले. सुभाष सर स्टाफरूमच्या दारात आले. नदीमने चिठ्ठ्यांचा गठ्ठा उगाच सरळ केला. आजोबांनी दारातून डोकं आत घातलं. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांचा एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

मग मालतीबाई स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी व्हरांड्याच्या टोकाकडे, आमच्याकडे, बोट केलं. आजोबा वळले. चालत आले. घडी उघडून त्यांनी कागद खिडकीतून आत सरकवला. कालचाच अर्ज होता, खाली सही, बाकी सगळं कोरं.

"कालची पोरगी तूच ना," ते म्हणाले. "मना वाचाला दिसत न्हाय. तू भर."

मी नाव विचारलं, इयत्ता विचारली, तुकडी विचारली. माझ्याच किनऱ्या आवाजात. मालतीबाई तिथेच उभ्या राहून ऐकत होत्या. अर्ज भरून झाला तशी त्यांनी खिडकीवरच सही केली, शिक्का मागवला आणि जाता जाता सुभाष सरांना सांगितलं की स्कॉलरशिपचा वर्ग दिवाळीनंतर शाळेआधी पाऊण तास घ्या, कार्यानुभवाचं आहे तसंच राहू द्या. सर म्हणाले, "म्हणजे सहाला?" आणि ते ज्या आवाजात म्हणाले तो इतका सुंदर होता की माझी जीभ टाळूला लागली सुद्धा.

मॅडमनी घड्याळात बघितलं.

"अकराला पाच कमी," त्या म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी अकराला पाच कमी असताना सुटशील."